धडकताईच्या हातातला गेमपॅड

मित्रांनो, मी एक जुना गेमपॅड आहे. जुना म्हणजे किती, ते माझ्या डाव्या जॉयस्टिककडे बघा. तिच्यावरचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे. दोन्ही हातांत धरून तुम्ही ज्याच्यावर गाड्या पळवता आणि राक्षस मारता, तोच मी. तुम्हाला वाटेल, काय मजेत आयुष्य गेले असेल याचे! सगळ्यांना असेच वाटते, म्हणून तर माझे डोके फिरते.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी भावंडे दुकानांत गेली आणि तिथून वाढदिवसाच्या चमचमत्या कागदात गुंडाळून घराघरांत. मी गेलो खेळ बनवणाऱ्या एका कंपनीच्या चाचणी विभागात. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांचे पडदे कायम ओढलेले आणि यंत्रे तापू नयेत म्हणून एसी इतका थंड की माणसे स्वेटर घालून बसत. अर्धवट झालेला खेळ खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्या खोलीचे काम.

तिथे मी धडकताईच्या हाती लागलो. हे नाव तिला सोबत्यांनी दिले, कारण तिचे काम भिंतींना धडका देण्याचे. खेळातल्या माणसाला प्रत्येक भिंतीवर, दारावर, कोपऱ्यावर नेऊन आपटायचे. कुठे तो आरपार गेला की चूक सापडली. ती दुरुस्त झाली की हमखास दुसरीच भिंत फुटायची, आणि ताई पुन्हा पहिल्या भिंतीपासून सुरुवात करायची. राक्षस मी क्वचितच पाहिले. मी भिंती पाहिल्या.

तिचे वडील, म्हणजे अप्पा, गवंडी होते. "अगं, पण भिंतीला भोक पडतंच कसं? बांधतं तरी कोण?" असे ते विचारतात, हे ती जेवताना सांगायची आणि सगळे खो खो हसायचे.

ताईला मात्र जन्मभर चुका शोधायच्या नव्हत्या. तिला खेळातली गावे, रस्ते, वाडे स्वतः रचायचे होते. त्यासाठी एक गोष्ट हवी होती. खेळ संपल्यावर पडद्यावर जी नावे सरकतात, त्यांत आपले नाव. ते असले तर दुसरी कंपनी दारात उभे करते. नसले तर तुम्ही तिथे राबलात याला पुरावा काय? आणि नियम असा, की खेळ बाजारात येईपर्यंत जो टिकेल त्याचेच नाव. आधी सोडून गेलात की नाव गाळले.

खेळ काही बाजारात येईना. आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे तारीखसाहेब म्हणत. ते दारात उभे राहून टाळी वाजवत. "मंडळी, तारीख जराशी पुढे गेलीय. आता फक्त शेवटचा जोर लावायचा!" असे कितीतरी शेवटचे जोर लागले. रविवार गेले, सणवार गेले, बदल्यात पिझ्झा आला आणि त्याचे तेल माझ्या बटणांत शिरले. ताईचे मनगट सुजले, तर ती पट्टा बांधून खेळू लागली. याला कुणी खेळणे म्हणते का?

अशात तिच्या मावसबहिणीने एक नोकरी आणली. पडद्यावर क्रेन चालवायला शिकवणारी यंत्रे बनवणारी कंपनी, कायमची जागा, संध्याकाळी घरी. पण लगेच रुजू व्हायचे होते. ताई साहेबांकडे गेली नाही. कुणकुण लागताच साहेबच तिच्या खुर्चीशी आले.

"जा की," ते म्हणाले. "पण तारीख तोंडावर आलीय. आत्ता गेलीस तर नाव जाणार. नियमच आहे, मी काय करू?"

"आणि थांबले तर?"

"मग प्रश्नच नाही!"

मित्रांनो, मी तेव्हा तिच्या हातात होतो. मला तोंड असते तर ओरडलो असतो, "अगं बाई, लेखी घे!" तिने क्रेनवाल्यांना नकार कळवला. तारीख पुन्हा पुढे गेली.

शेवटी खेळ आला. केक कापला गेला, आणि त्याच आठवड्यात ठेकेदाराकडून आलेल्या सगळ्यांची ओळखपत्रे परत घेतली गेली. ताई त्यांतलीच. नवे बिनतारी गेमपॅड आले होते. आम्हा जुन्यांना खोक्यात भरून दाराशी ठेवले, लागेल त्याने न्यावे म्हणून. ताईने मला उचलले.

घरी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले होते. आईने खुर्ची ओढली. ताईने शेवटची लढाई जिंकली आणि नावे सरकू लागली. वादकांची, वकिलांची, काम चालू असताना जन्मलेल्या बाळांची. मोठ्या मालकांच्या लाडक्या कुत्र्याचेही नाव आले. मग आला चाचणी विभाग. त्याखाली ठेकेदार कंपनीचे नाव, एकच ओळ. नियम कंपनीच्या कायमच्या नोकरांसाठी होता. ठेक्यावरची माणसे त्यात धरलेलीच नव्हती.

"सुटलं का गं? जरा मागे घे ना," अप्पा म्हणाले.

"मागे घेता येत नाही, अप्पा."

त्यांच्यासाठी तिने दुखऱ्या मनगटाने ती लढाई पुन्हा लढली. पुन्हा तेच. मग अप्पांनी विचारले, "कुत्र्यानं काय काम केलं गं?"

दुसऱ्या दिवशी तिने क्रेनवाल्यांना फोन केला. जागा भरली होती. तेवढ्यात साहेबांचा फोन. "सोमवारपासून नवा खेळ. तुझ्यासारखी धडक कुणालाच जमत नाही. आणि या वेळी नाव नक्की, माझा शब्द!"

"नाही साहेब," ताई म्हणाली. "या वेळी कुत्र्याला बसवा. त्याचं नाव तसंही लागतंच."

फोन ठेवून ती खूप रडली. नाव नाही, नोकरी नाही, आणि मनगट तेवढे दुखते. मला अभिमान वाटला आणि संतापही आला, दोन्ही एकदमच.

मित्रांनो, तुमच्यातले कितीतरी जण म्हणतात, मोठे झालो की खेळ बनवणार. जरूर बनवा. पण कुणाच्या तोंडी शब्दावर आपले हात झिजवू नका, आणि साहेब झालात तर दुसऱ्याचे झिजवू नका. तोवर एवढेच करा. खेळ संपून नावे सरकू लागली की माझे बटण दाबून पुढे पळू नका. त्या वेळी कुठेतरी कुणाचे तरी वडील त्यांत एक नाव शोधत असतात.