आखूड म्हणून बाजूला ठेवलेली वायर

मित्रांनो, टीव्हीच्या पाठीमागे तुम्ही कधी डोकावला आहात का? तिथे धूळ असते, कोळ्याचे जाळे असते आणि वायरींचा गुंता असतो. त्या गुंत्यातली मी एक जुनी वायर आहे. माझी कहाणी कुणी ऐकावी असे माझ्यात काही नाही, हे मला कळते. दिवा उजेड देतो, घंटा वाजते. मी यातले काहीच करत नाही. चित्र एका टोकाने आत येते आणि दुसऱ्या टोकाने निघून जाते, इतकेच. तरीही बोलते आहे, कारण एका लहान मुलीच्या डोळ्याची गोष्ट माझ्यातून गेली आहे. ती पूर्ण पोहोचली की वाटेत काही सांडली, याची मला आजही खात्री नाही.

माझा जन्म फार लांब, समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या एका टोकाला बारीक पिनांचे गोल डोके होते आणि दुसऱ्या टोकाला दोन शेपट्या. पिवळी शेपटी चित्राची, पांढरी आवाजाची. व्हिडिओ गेमच्या ज्या खोक्यात मला ठेवले, त्यातच आणखी एक वायर होती, अँटेनाच्या भोकात बसणारी. सोबतच्या पुस्तिकेत लिहिले होते की टीव्हीला पिवळे-पांढरे भोक असेल तर मला लावावे, चित्र स्वच्छ येते. नसेल तर तिला. त्या ओळीचा मला फार अभिमान होता.

१९९४च्या उन्हाळ्यात सिंगापूरला नोकरी करणाऱ्या गुरुप्रसादमामांनी ते खोके बंगळूरला, बनशंकरीतल्या आपल्या बहिणीच्या घरी आणले. बहिणीचे नाव प्रतिमा. तिचे यजमान पद्माकर सरकारी कारखान्यात होते. सकाळी कंपनीच्या बसने जायचे आणि संध्याकाळी त्याच बसने यायचे. त्यांना एकच मुलगी, यशश्री. घरात सगळे तिला यशू म्हणत. सात वर्षे पूर्ण झालेली, बडबडी, आणि उजव्या डोळ्यावर पट्टी.

त्या पट्टीचे कारण सांगायला हवे. यशूचा डावा डोळा आळशी होता. दिसायला अगदी चांगला, पण तो पाहायचे काम करतच नव्हता. सगळे काम उजव्यावर टाकून मोकळा. म्हणून डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा झाकायला सांगितले होते. तो झाकला की डाव्याला पाहणे भाग पडेल, पाहता पाहता तो शिकेल. पण त्यांनी हेही सांगितले होते की हे शिकणे लहानपणीच होते. यशू आठ वर्षांची झाली की डोळा फारसा शिकणार नाही. मग चष्मा लावा, औषध घाला, काही करा.

हे वाक्य त्या घरात कुणी मोठ्याने उच्चारत नसे. पण ते सगळीकडे होते.

यशूला पट्टी सहन होत नव्हती. चांगला डोळा झाकला की तिचे जग धुक्यात जायचे. ती रडायची, पट्टी ओरबाडून काढायची. प्रतिमाबाईंनी गोष्टी सांगून पाहिल्या, मणी ओवायला दिले, धाक घातला, स्वतः रडल्या. पट्टी अर्धा तासही टिकत नसे.

आणि मग मामांचा गेम आला. त्यात एक हिरवा बेडूक कमळाच्या पानांवरून उड्या मारत काजवे खायचा. यशूने तो खोक्यावरच्या चित्रात पाहिला आणि म्हणाली, "हा खेळायला मिळणार असेल तर मी पट्टी ठेवीन. शप्पथ!"

प्रतिमाबाईंना देव भेटल्यासारखे झाले.

पद्माकरांनी त्याच संध्याकाळी खोके उघडले. त्यांच्या टीव्हीला मागे पिवळे भोकही होते आणि पांढरेही. मला हातात घेऊन ते म्हणाले, "ही लावू. हिच्यात चित्र चांगलं येतं म्हणे."

"किती लांब आहे ती?" प्रतिमाबाईंनी विचारले.

"हातभर तर आहे. खेळणं टीव्हीसमोरच ठेवावं लागेल."

"म्हणजे यशू टीव्हीला नाक लावून बसणार? अहो, डोळ्यासाठी चाललंय ना हे सगळं? माझ्याकडे बघा." त्यांनी आपला जाड भिंगांचा चष्मा काढून दाखवला. "लहानपणी पुस्तकात डोकं खुपसून बसायचे, त्याचं हे फळ. माझी मुलगी भिंतीपाशी बसेल."

शेजारच्या रत्नाबाई गेम पाहायला आल्या होत्या. त्यांच्या चार पिढ्या बंगळुरात गेल्या होत्या, त्यामुळे मराठी बोलताना कानडी शब्द मिसळायचे. त्यांनीही मान डोलावली. "सरी, बरोबर आहे प्रतिमाचं. टीव्हीपासून स्वल्प नाही, चांगलं दूर बसव पोरीला. त्यातून किरणं येतात म्हणे."

दुसऱ्या दिवशी पद्माकरांनी बाजारातून अँटेनाच्या वायरीचे भेंडोळे आणले आणि त्या दुसऱ्या वायरीला जोडून ती भिंतीपर्यंत लांबवली. मला तसे लांबवता आले नसते का? कदाचित आले असते. पण माझ्यासारखे गोल डोके त्यांनी कधी पाहिले नव्हते, मला कापायचा त्यांना धीर झाला नाही, आणि तिकडून चित्र तर येत होते. प्रतिमाबाईंनी लाल जमिनीवर खडूने एक रेघ ओढली. यशूने रेघेच्या पुढे यायचे नाही.

मला प्रतिमाबाईंनी माळ्यावर नेले आणि गुंडाळलेल्या सतरंजीला सुतळी म्हणून करकचून बांधले. गोल डोक्यापाशी माझी मान मुडपली. मित्रांनो, त्याचा मला राग नाही. हाताशी दोरी नव्हती, मी होते.

माळ्यावरून बाहेरची खोली अर्धी दिसायची. टीव्ही दिसायचा, भिंतीपाशी बसलेली यशू दिसायची. त्या लांब वायरीतून येणारे चित्र पाहून मला धडकी भरली. पडद्यावर सारखी मुंग्यांची रांग वाहत होती. रत्नाबाईंचा ग्राइंडर डोशाचे पीठ वाटू लागला की आडव्या रेघा उठायच्या. मोठ्या माणसाच्या चांगल्या डोळ्यांना त्यातला बेडूक ओळखू यायचा. पण यशूच्या त्या आळशी डोळ्याला, इतक्या लांबून?

"आई, बेडूक कुठाय?"

"तो काय, पानावर."

"पान कुठाय?"

"नीट बघ, यशू. डोळ्याला काम दे."

"मला नुसता चिवडा दिसतो गं!"

प्रतिमाबाईंना हसू आले. "काय तरी बोलते! चिवडा म्हणे." त्या स्वयंपाकघरात गेल्या.

यशू हळूच घसरत रेघेच्या पुढे आली. आई बाहेर आली की मागे. पुन्हा पुढे, पुन्हा ओरडा. शेवटी ती डोळा मिटून नुसतीच बटणे दाबू लागली. पट्टी जागेवर होती, शब्द पाळला होता तिने. पण पट्टीखालचा डोळा झाकलेला आणि उघडा डोळा मिटलेला. स्वयंपाकघरातून प्रतिमाबाईंना गेमचा टुणटुण आवाज ऐकू यायचा, आणि त्यांना वाटायचे, डोळा शिकतो आहे.

मी वरून ओरडत होते. पण वायरीला तोंड नसते; तिच्यातून कुणी काही पाठवले तरच ती बोलते.

पावसाळा गेला, नवरात्र गेले. दिवाळीनंतर ते तिघे तपासणीला गेले. परत आले तेव्हा प्रतिमाबाई चपलांसकट आत येऊन खुर्चीवर बसल्या. पद्माकर हलकेच म्हणाले, "पाणी देऊ?" त्या म्हणाल्या, "तसूभरसुद्धा नाही हो. होता तिथेच आहे डोळा."

"डॉक्टर काय म्हणाल्या ते लक्षात घे. अजून..."

"काय म्हणाल्या? मला विचारलं, किती लांब बसवता? मी कौतुकानं सांगितलं, भिंतीपाशी बसवते, मुळीच जवळ जाऊ देत नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, अहो, ज्या डोळ्याला दिसत नाही त्याला जवळून दाखवायचं, स्पष्ट दाखवायचं. लांबून तो काय बघणार?" त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "पोरगी सांगत होती मला. चिवडा दिसतो म्हणत होती. मी हसले!"

यशूचा आठवा वाढदिवस संक्रांतीनंतर होता.

पुढच्या क्षणी प्रतिमाबाई शिडी लावून माळ्यावर चढल्या होत्या. मला सोडवताना त्यांची नखे दुखावली, इतकी घट्ट गाठ त्यांनीच मारली होती. खाली आणून त्यांनी पिवळी शेपटी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात घातली आणि डोके गेममध्ये दाबले. माझा जन्म ज्यासाठी झाला होता ते काम मला पहिल्यांदा मिळाले. मी सगळे बळ एकवटले.

पडदा क्षणभर उजळला. हिरवा बेडूक, त्याचे पिवळे पोट, पानावरची शीरनशीर! "आई, त्याला जीभ आहे!" यशू किंचाळली. आणि चित्र गेले.

सतरंजीभोवती आवळून राहिल्याने माझ्या मानेत आतली तार तुटत आली होती. मान एका बाजूला वाकवून धरली तर चित्र येई. सोडली की पडदा काळा. पद्माकर मला खिशात घालून बाजारभर हिंडले. सगळ्या दुकानांत एकच उत्तर, हे डोके इथले नाही, बाहेरून मागवा. मामांना फोन झाला. ते म्हणाले, कुणी येणारा भेटला की नवी पाठवतो. डोके फोडून तुटली तार डाग देऊन जोडावी, तर ते एकसंध ओतलेले. फुटले तर हातचे हेही जायचे.

म्हणून प्रतिमाबाई मला धरून बसल्या.

रोज दुपारी यशू शाळेतून आली की पट्टी लावायची आणि पडद्यासमोर हाताच्या अंतरावर बसायची. गेमपाशी पाय मुडपून बसलेल्या प्रतिमाबाई माझी मान चिमटीत वाकवून धरायच्या. त्यांच्या बोटांना घाम येई, तो मला कळे. कधी भाजी करपे. त्या पडद्याकडे पाहत नसत. यशूचा डावा डोळा पानावरून पानावर जातो आहे का, तेवढेच पाहत.

"अय्यो, देवापुढे निरांजन धरावं तशी वायर धरून बसलीस की गं," रत्नाबाई दारातून म्हणाल्या. "हात मोडेल. दे, मी धरते स्वल्प."

"नको. तुमचा हात हलेल."

"माझा हलेल? आणि तुझा काय सिमेंटचा आहे?"

प्रतिमाबाईंनी ऐकले नाही. एकच गोष्ट त्या सारखी विचारायच्या, "यशू, आता दिसतं ना? स्पष्ट दिसतं ना?" यशू कंटाळून म्हणायची, "दिसतं गं. किती विचारशील!" तरी पुन्हा विचारायच्या. मला वाटे, आता मी टिकायला हवे. एवढा एकच महिना. पण रोज त्या चिमटीत माझी एकेक तार तुटत होती. मला जपणारा हातच मला मोडत होता, आणि दुसरा उपाय नव्हता.

संक्रांत आठवड्यावर आली असताना मी संपले. बेडूक उडी मारत होता, हवेतच पडदा काळा झाला. प्रतिमाबाईंनी मान उजवीकडे वाकवली, डावीकडे वाकवली, पिळली. "थांब हं यशू. येईल. आत्ता येईल. पट्टी काढू नकोस राणी, येईलच." काही आले नाही. त्यांनी मला दोन्ही मुठींत आवळले आणि कपाळाला लावले. त्यांचे रडणे मला हाडांपर्यंत, असलीच तर, जाणवले.

यशूने पट्टी काढली नाही. ती उठून आईजवळ आली. "बघू मला." तिने मला आईच्या मुठीतून सोडवले, डाव्या डोळ्याजवळ नेले आणि माझी मान हळूहळू फिरवत राहिली.

"इथे तुटलीय, आई. रबर फाटलंय ना, त्यातून एक लाल तार बाहेर आलीय. केसापेक्षा बारीक आहे. आणि तिचं टोक वाकडं आहे."

प्रतिमाबाईंनी चष्मा पुसून पाहिले. त्यांना तार दिसली नाही. खिडकीशी नेऊन पाहिले, तरी दिसली नाही. संध्याकाळी पद्माकर आले, त्यांनी कपाटातले भिंग काढले आणि पाहिले. तार होती, आणि तिचे टोक वाकडे होते.

प्रतिमाबाईंनी यशूच्या पट्टीला हात लावून पाहिला, कुठे फट तर नाही ना. फट नव्हती.

वाढदिवसानंतर डॉक्टरीणबाईंनी तपासले. डोळा पुष्कळ शिकला होता, पण सगळे नाही. लांबची बारीक अक्षरे त्याला पुढेही दिसणार नव्हती. दिवाळीआधीच्या महिन्यांतही जवळून दाखवले असते, तर ती दिसू लागली असती का, असे प्रतिमाबाईंनी विचारले. "ते मला सांगता येणार नाही," एवढेच उत्तर मिळाले.

मित्रांनो, मी आता कुणाच्याच कामाची नाही. आमच्यासारख्यांना गाठी मारू नका, मुडपून ठेवू नका, एवढे मागते. आणि आणखी एक मागणे आहे, ते मागायचा मला अधिकार आहे की नाही ते ठाऊक नाही. एखादे मूल "मला दिसत नाही" म्हणाले, तर त्याला नीट बघ म्हणून सांगू नका. आधी त्याच्या शेजारी, त्याच जागेवर जाऊन बसा आणि तिथून काय दिसते ते स्वतः पाहा.