उजवी बाही

मित्रांनो, मी एक जुना चपान आहे. जुना म्हणजे वयाने. अंगावर मात्र मी क्वचितच राहिलो. नारिन नदीकाठच्या एका म्हातारीने काळ्या मखमलीत कापूस भरून मला, लांब बाह्यांच्या या अंगरख्याला, शिवले, काठांवर शिंगांची सोनेरी नक्षी काढली, आणि तेव्हापासून मी या घरातून त्या घरात फिरतो आहे. आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला चपान घालतात. तो पाहुणा पुढच्या लग्नात तोच चपान दुसऱ्याच्या खांद्यावर चढवून मोकळा होतो. व्याही, मास्तर, कुस्ती जिंकलेले गडी, सगळ्यांनी मला घटकाभर मिरवले आणि पेटीत टाकले. कसरीने माझे अस्तर खाल्ले, तरी मी कुरकुरलो नाही. मान मिळत होता.

भांडण मिटवायलाही मलाच नेतात. ज्याचे नुकसान झाले त्याने मला खांद्यावर घेतले की वाद संपला. मग त्याने तोंड उघडायचे नाही. असाच मी अनारकुलच्या घरी पोचलो.

अनारकुल नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे गालिचे शिवायची. घोड्यावरून पडून तिचा उजवा हात मोडला. डॉक्टरने प्लास्टर फार आवळून घातले. बोटे निळी पडली, ती विनवत राहिली, आणि तो म्हणत राहिला, "हाड मोडलंय, दुखणारच." प्लास्टर निघाले तेव्हा कोपर दुमडलेलेच राहिले आणि बोटांत सुई धरवेना.

ती वकिलाकडे जाणार असे कळताच डॉक्टरचे चुलते तोकोनकाका मला आणि एका मेंढ्याला घेऊन आले. अनारकुल शेजारी गेली होती. तिचा नवरा मुकाश भिडस्त. त्याने मला खांद्यावर घेतले आणि मेंढा कापला.

अनारकुल परतली ती चुलीवरचे पातेले बघूनच काय ते समजली.

"थंडी वाजत होती का तुम्हाला?"

"अगं, वडीलधारी माणसं दारात आली. नाही कसं म्हणू?"

"हात माझा गेला आणि चपान तुम्हाला. छान."

त्या मटणाला तिने बोटही लावले नाही. दुसऱ्या दिवशी मला काखोटीला मारून ती शहरात वकीलबाई जिल्दिझ यांच्याकडे गेली.

"गाव म्हणतं, मिटलं. मिटलं का हो?"

"कशावर सही केलीत का?"

"नाही."

"मग हा नुसता कोट आहे. चला, हात दाखवा."

आजवर मला कोणी नुसता कोट म्हटले नव्हते. राग यायला हवा होता. उलट पाठीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले.

कोर्टात तोकोनकाका साक्षीला उभे राहिले. "आमच्या रीतीने मिटलंय, बाईसाहेब. चपान घेतलाय त्यांनी."

अनारकुलने न्यायाधीशबाईंची परवानगी घेतली आणि मला काकांपुढे धरले. "नवऱ्याला घातलात ना? आता मला घाला. दोन्ही बाह्या चढवून, नीट."

डावी बाही चढली. उजवी कोपराशी अडली. काकांनी ओढून पाहिले आणि ते थांबले.

"ओढा, काका. मी ओरडत होते तेव्हा कुठे कोण थांबलं होतं?"

त्यांनी आणखी एकदा, हलकेच ओढले. काखेत माझी शिवण उसवली. म्हाताऱ्याने बाही सोडून दिली.

"नाही बसत हिला," ते खाली बघून म्हणाले. "मिटलेलं नाही, बाईसाहेब."

खटला चालवायचा हुकूम झाला. निकाल अजून यायचा आहे. मी आता अनारकुलच्या दाराजवळ खुंटीवर असतो. मुकाश उसवलेली बाही शिवायला निघाला, तर ती म्हणाली, "राहू द्या. निकालाच्या दिवशी तो असाच येणार आहे माझ्याबरोबर."

मित्रांनो, आम्हा चपानांना जपा. अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. पाहुण्यांच्या अंगावर खुशाल घाला. पण कुणाचे तोंड दाबायला मला न्याल, तर माझी बाही पुन्हा अडेल.