ऐंशी रिकामी भोकं

मित्रांनो, मी एक जुना ॲल्युमिनिअमचा पत्रा आहे. चाळणी म्हणाल तर याद राखा. मोठ्या परातीएवढ्या माझ्या अंगाला हजारावर भोकं पाडलीत, तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं.

प्रत्येक भोक आकाशातल्या एका दीर्घिकेसाठी. त्यात काचेचा तंतू खोवायचा आणि मला दुर्बिणीवर चढवायचं. आलेल्या प्रकाशावरून ती दीर्घिका किती लांब आहे ते समजतं. अशी लाखो अंतरं जमली, की विश्वाला ताणणाऱ्या कृष्ण ऊर्जेचा जोर तेवढाच आहे की ओसरतोय, याचा अंदाज येतो.

ऐंशी भोकं मात्र मुद्दाम रिकाम्या आकाशाकडे होती. आकाशालाही स्वतःचा फिकट उजेड असतो. तो मोजून वजा केला नाही, तर अंतरं बिघडतात.

तंतू खोवायला वहिनी होत्या. त्यांचे दीर तिथले मोठे शास्त्रज्ञ. नोकरी त्यांनीच लावलेली, आणि ते हे रोज ऐकवत. जोर ओसरतोय, हे सगळ्यांआधी सांगायची त्यांना घाई. रिकाम्या जागेला ऐंशी तंतू कशाला, ते शिल्लक भोकांत खोवून जादा दीर्घिकांना लावा, म्हणाले. वहिनींनी उजेडाचं सांगून पाहिलं.

"वहिनी, तुम्ही विणकाम करा. विज्ञान आम्ही बघतो."

वहिनींनी तंतू हलवले. मग न पुसणाऱ्या पेनानं ऐंशी भोकांभोवती गोल काढले आणि माझ्या कडेला लिहिलं: भाऊजींच्या सांगण्यावरून रिकामी. खाली तारीख.

माझ्यासारख्या चाळीस पत्र्यांवर हेच झालं. काम सरलं तसे बाकीचे भंगारात वितळले. मला पालथा घालून बैठकीच्या खोलीत चहाचं टेबल केलं. तुमची कृतज्ञता ती एवढी! भाऊजींचा गरम कप रोज माझ्याच पाठीवर.

वर्षभरात दुसऱ्या दुर्बिणीनं त्यांचा गाजलेला निकाल खोडून काढला. चौकशीची बैठक बसली. भाऊजी चहा घेत शांतपणे म्हणाले, की तंतू वहिनींनी चुकीचे लावले, त्यांना काढून टाकावं. सगळ्या माना डोलल्या. दारात उभ्या वहिनी पुढे आल्या.

"भाऊजी, तेवढा कप उचलता?"

त्यांनी उचलला. वहिनींनी मला उलटा केला.

कप बराच वेळ त्यांच्या हातातच राहिला. ठेवायला टेबल नव्हतं.

मित्रांनो, तुमची माया मला नको. पण जिथे काहीच नाही असं वाटतं, तिथेही एक तंतू लावत जा. आणि कोणाच्या पाठीवर कप ठेवण्याआधी, पलीकडे काय लिहिलंय ते एकदा वाचा.