चार नंबरची टाकी

"वाकडे मासे औषधाने सरळ झाले, तर मलाही त्याच टाकीत बसवणार का?"

सरदारने प्रश्न एका दमात विचारून टाकला. मध्ये श्वास घेतला असता तर हसू फुटलं असतं. शाळेत मैत्रिणींनी पैज लावली होती, आत्याला हे तोंडावर विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं तू उचलायची. तिला जड उचलायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे, हे त्या पाचही भवान्यांना ठाऊक होतं. म्हणजे हरायची सोयच ठेवली नव्हती.

आत्याने सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही. "तू मावणार नाहीस. शिवाय इथल्या माशांना बडबड सोसत नाही."

"म्हणजे मावले असते तर बसवलं असतंस!"

"आधी औषध लागू तर पडू दे, सरदार."

सरदार हे काही तिचं खरं नाव नव्हे. कणा वाकतोय हे कळल्यावर डॉक्टरांनी तिला काखेपासून कमरेखालपर्यंत कडक प्लास्टिकचा पट्टा चढवला, दिवसाचे वीस तास. पहिले सहा महिने बाईसाहेब ढगळ सदरे घालून शेवटच्या बाकावर चोरासारख्या बसायच्या. मग एकदा खेळाच्या तासाला कुणीतरी मारलेला चेंडू थेट तिच्या पोटावर आला, ठण्णकन वाजला आणि आल्या पावली परत गेला. किंचाळली ती चेंडू मारणारी! सगळा वर्ग हसला. तीही हसली, आणि हसता हसता पोटावर टिचकी मारून म्हणाली, "चिलखत आहे. वाजवायचं असेल तर रांगेत या." तेव्हापासून ती सरदार. आणि तेव्हापासूनच कारटीच्या जिभेला हाड उरलं नाही, असं आईचं मत.

पण चिलखताच्या आत कणा आपल्याच वाटेने चालला होता. आधी एकतीस अंश, मग अडतीस, आता बेचाळीस. डॉक्टरांनी एक्स-रेवर पेन्सिलीने दोन रेघा ओढून समजावलं होतं. पंचेचाळीसच्या पुढे गेलं की पट्टा निकामी, ऑपरेशनच. धातूच्या दोन सळया आणि वीसेक स्क्रू. मुलीची वाढ अजून बरीच बाकी आहे, तेव्हा आताच ठरवलंत तरी चुकणार नाही, असंही ते म्हणाले. आईचं म्हणणं, मग एकदाचं होऊन जाऊ दे. बाबांचं म्हणणं, पोरीच्या कण्याला हात लावायचा म्हणजे... आणि त्यापुढे बाबांना कधी वाक्य पुरं करता आलं नाही. शेवटी सरदारनेच तोड काढली. "आत्याच्या माशांचा निकाल आठ आठवड्यांत लागतोय. तेवढं थांबा ना. सळया काय पळून चालल्यात?" बाबा तर थांबायला एका पायावर तयार. आईने मान हलवली. ती होकाराची की वैतागाची, ते कुणी विचारलं नाही.

म्हणून शाळा सुटली की सरदारचा मुक्काम आत्याच्या प्रयोगशाळेत. माशांची खोली दमट आणि उबदार होती, पंपांची गुरगुर सतत चालू. भिंतीला लागून बारा टाक्या, प्रत्येकीत वीस मासे, बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळे पट्टे. पिल्लं असताना अगदी सरळ. पण त्यांच्यात जन्माचाच एक दोष होता. वाढीला लागले की कणा वळायचा. पडणं नाही, झडणं नाही, उगाचच, अगदी सरदारसारखा. सहा टाक्यांच्या पाण्यात औषध होतं, सहांत नव्हतं. कुठल्या सहा, हे आत्यालाही माहीत नव्हतं. ती यादी प्रयोगशाळा चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या कपाटात, चिकटवलेल्या पाकिटात.

"तुलासुद्धा नाही सांगत? विश्वास नाही की काय?"

"माझ्यावर आहे, माझ्या डोळ्यांवर नाही," आत्या म्हणाली. "माहीत असलं की डोळे आपल्याला हवं तेच मोजतात."

दर आठवड्याला माशांना गुंगी देऊन त्यांचे चिमुकले एक्स-रे काढायचे आणि वाक मोजायचा. खाणंही मोजून, सकाळी एक पिचकारी, संध्याकाळी एक, बारीक जिवंत किड्यांची. संध्याकाळची पिचकारी आत्याने भाचीच्या हाती दिली होती. हात कामात असले की तोंड जरा कमी चालतं, एवढाच तिचा उद्देश. मोठ्या बाईंच्या कानावर मात्र तिने हे घातलं नव्हतं.

आणि चार नंबरच्या टाकीत होते आजोबा. हे नाव सरदारचंच. बाकीचे मासे थोडेथोडे वाकलेले, पण आजोबांचं डोकं एकीकडे, शेपूट भलतीकडे, मध्ये कुबड. पोहायचे ते जिना उतरल्यासारखे, एकेक पायरी चाचपत. खाणं पडलं की बाकीची टोळी झडप घालायची, आणि आजोबा पोहोचेपर्यंत पंगत उठलेली. सरदारला ते बघवेना. दुसऱ्याच आठवड्यात तिने आजोबांच्या कोपऱ्यात अर्धी पिचकारी जास्त सोडली. टोळीने तीही फस्त केली. मग तिने आख्खी सोडली. मग दोन. चार किडे जास्त पडले तर काय आभाळ कोसळतंय? वहीत मात्र ती सुवाच्य अक्षरात रोज लिहायची, 'एक'.

निकालाच्या दिवशी ती शाळेतून धापा टाकत आली, तेव्हा पाकीट फोडून झालं होतं. मोठ्या बाई खुर्चीत, आत्या पडद्यासमोर उभी.

"औषधाच्या सहापैकी पाच टाक्यांत वाक कमी आहे," आत्या म्हणाली. आवाज दाबून धरला होता, पण आनंद त्यातून डोकावत होता. सरदारने टाळीसाठी हात उचललेसुद्धा.

"आणि सहावी?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"चार नंबर. औषध असून बाराही टाक्यांत सगळ्यांत वाईट. आणि बाई, तिथले मासे मोठे आहेत. इतरांपेक्षा चांगलेच लांब."

"खाण्यात काही फरक?"

"नाही. वही बघा ना. रोज संध्याकाळी एकच पिचकारी."

सरदारला मूग गिळून बसता आलं असतं. कुणाला कळणार होतं? माशांना?

"मी घातलं," ती म्हणाली. "चारला. जास्त. रोज."

"फक्त चारला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे... नऊमध्ये एक मरतुकडा होता. त्याला दोनदा. की तीनदा. आणि बहुतेक एकदा..." तिला आठवेना. खरंच आठवेना.

मोठ्या बाई तिच्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बघत होत्या आत्याकडे. "मग पाच टाक्यांवर तरी विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? सगळं पुन्हा करावं लागेल, पार अंड्यांपासून. आणि मुलीला खाणं घालायला दिलंत, हे मला वर कळवावं लागेल."

"हो बाई," आत्या म्हणाली. एवढंच.

त्या गेल्यावर सरदार चार नंबरच्या टाकीपाशी गेली. "आजोबांना मी घरी नेऊ?" तिने विचारलं. "काचेच्या बरणीत ठेवीन."

आत्या तिच्यासमोर स्टुलावर बसली. "ते सगळे आज जातील गं. गुंगीचं औषध जास्त घालून. त्यांची हाडं आतून तपासायची असतात. हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं."

"मला सांगितलं नाहीस!"

"नाही सांगवलं."

"पण मी तर फक्त खायला घातलं. खायला घातल्याने कुणाचं वाईट होतं?"

"ते जोमात वाढले. वाढ जोरात असते, तेव्हाच असा कणा जोरात वळतो. म्हणून तर आम्ही मोजून घालतो."

गेल्याच आठवड्यात आईने सरदारच्या शाळेच्या स्कर्टची शिवण दुसऱ्यांदा उसवून खाली घेतली होती. ताडमाड वाढतेय, असं तिने वर्गात मिरवूनही झालं होतं.

"मग मी कमी जेवू?"

"खबरदार!" आत्या एवढ्या मोठ्याने ओरडली की दोघी दचकल्या. "उपाशी राहून कणा सरळ होत नाही, हाडं तेवढी ठिसूळ होतात. मासा वेगळा, तू वेगळी. डोक्यातून काढून टाक ते."

"बरं. मग खरं सांग. औषध कधी येईल? माझ्यासाठी?"

आत्याने चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "हे मासे पुन्हा वाढवायला पाच-सहा महिने. मग उंदरांवर, त्यात काही वर्षं. मग माणसं. मध्ये कुठेही घोडं अडतं, बहुतेक वेळा अडतंच. तू एक किडाही जास्त घातला नसतास ना, तरी तुझ्या वेळेला ते पोहोचलं नसतं. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. पण तू इतक्या खुशीत यायचीस..."

तिने चार नंबरची टाकी खाली घेतली आणि भाचीला बाहेर जायला सांगितलं. सरदार गेली नाही. पसरट भांड्यात मासे सोडले, औषध ओतलं. टोळी थोडा वेळ धावली, मग मंदावली. आजोबा एक पायरी उतरले, दुसरी उतरले आणि तिथेच थांबले. सरदारच्या हातात रिकामी पिचकारी होती. ती तिने धुतली, पुसली, परत धुतली.

घरी आई इस्त्री करत होती आणि बाबा स्टुलावर चढून दिवा बदलत होते.

"लागला का गं निकाल?" बाबांनी वरूनच विचारलं.

"बिघडला. मीच बिघडवला." आणि मग तिने सगळं सांगितलं, वहीतल्या खोट्या 'एक'सकट. आत्याला बोलणी खावी लागणार हेही सांगितलं.

आईने इस्त्री उभी करून ठेवली. बाबा खाली उतरले, दिवा हातातच. "असू दे. ते पुन्हा करणारच आहेत ना? मग आपणही अजून थोडं थांबू. सहा महिने काय, बघता बघता..."

"नाही बाबा, थांबायचं नाही." सरदार म्हणाली. "पंचेचाळीसची वाट बघायची नाही. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा आणि ऑपरेशनची तारीख घ्या, पहिली मिळेल ती. मी ठरवलंय. आणि मला भयंकर भीती वाटतेय, हेही आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला शूर-बिर म्हणायचं नाही."