मायाप्पांची धाकटी झांज

मित्रांनो, ड्रम वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला दांडीवर जी मोठी झांज बसवलेली असते, तिला राईड म्हणतात. ती मी. पण माझ्या जातीत मी धाकटी. इतर राईड मोठ्या परातीएवढ्या असतात, माझा घेर त्यांच्याहून बराच लहान.

तांबं आणि कथील वितळवून मला ओतलं, मग हातोडीनं ठोकून ठोकून माझ्या अंगात आवाज आणला. मैंदर्गीचे मायाप्पा माझे पहिले धनी. गावाकडे ढोल वाजवणारा हा माणूस सोलापुरात येऊन ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवू लागला. लग्नं, उरूस, जत्रा, सगळीकडे आम्ही जोडीनं गेलो. लोक माना डोलवायचे, आणि मला अभिमान वाटायचा.

पुढे फडक्यात गुंडाळलेली मी चिंतामणींच्या वाद्यांच्या दुकानात माळ्यावर जाऊन पडले. त्या अंधारात कुणी हात न लावता मी घुमत राहिले. का, ते मलाही कळत नव्हतं.

एकदा दोघी बहिणी दुकानात आल्या. थोरली प्रियदर्शनी ड्रम वाजवायची, धाकटी पूनम गायची. पूनमचा आवाज मऊ होता आणि थोरलीच्या मोठ्या राईडच्या गजरात तो बुडून जायचा.

"लहान राईड दाखवा, काका. हिचे शब्द लोकांना ऐकू आले पाहिजेत."

चिंतामणींनी मला खाली काढलं, पण पुढे करताना ते घुटमळले. "ताई, ही नका नेऊ. फडक्यात असली तरी घुमते. मी हिच्यापाशी एकटा बसत नाही."

प्रियदर्शनी हसली. तिनं काठीच्या टोकानं माझ्यावर ठेका धरला, पूनम गुणगुणली आणि तिचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. निवड झाली.

साखरपेठेत यंत्रमागाच्या एका कारखान्याला लागून त्यांची तालमीची खोली होती. मागांच्या खडखडाटात माझं घुमणं कुणाला जाणवलं नाही. मग एका दुपारी वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. पूनमही गाता गाता थांबली. त्या शांततेत मी एकटीच वाजत होते. प्रियदर्शनीच्या दोन्ही काठ्या मांडीवर होत्या.

"दीदी, कोण वाजवतंय?" पूनम भिंतीला टेकली. "ही इथं असेल तर मी गाणार नाही."

तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. शेजारच्या कारखान्यात सूत गुंडाळून मागाच्या कांड्या भरणाऱ्या केराबाई. त्यांच्या पदराला सुताचे धागे चिकटले होते.

"हितं कोन वाजवतंय? माज्या मालकाचा हात हाय ह्यो."

त्या मायाप्पांच्या बायको होत्या. त्यांनीच दोघींना सांगितलं. अक्कलकोटच्या एका लग्नात मायाप्पा वाजवता वाजवता कोसळले. काठीचा शेवटचा घाव माझ्यावर पडला आणि लोक त्यांच्याकडे धावले.

"मालक गाणं संपलं की हिच्यावर हात ठिवायचे. त्या दिवशी ऱ्हायलं," केराबाई म्हणाल्या. "कुणीच ठिवला न्हाय."

प्रियदर्शनीनं मला दांडीवरून काढलं. "मावशी, तुम्हीच घेऊन जा हिला."

केराबाईंनी मला दोन्ही हातांनी धरलं. कान माझ्याजवळ आणला. त्या किती तरी वेळ तशाच उभ्या होत्या, आणि मी त्यांच्या माणसाचा राहिलेला सूर त्यांना ऐकवत होते. आता त्या मला नेतील आणि रोज ऐकतील, असं मला वाटलं. पण त्यांनी मला हळूच दांडीवर परत बसवलं आणि सूत ओढून खरखरीत झालेला तळवा माझ्यावर ठेवला.

"बास करा आता," त्या म्हणाल्या. "लई दमलासा."

मी थांबले. बाहेर वीज आली, माग पुन्हा खडखडू लागले, तरी केराबाईंनी हात उचलला नाही.

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पूनम गायली. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही तिचे शब्द कळले. गाणं संपल्यावर टाळ्या पडत असतानाच प्रियदर्शनीनं काठ्या बाजूला ठेवल्या आणि माझ्या कडेवर तळवा दाबून धरला.

मित्रांनो, आम्हाला पुसा, फडक्यात जपून ठेवा, पण त्याआधी एवढं करा. वाजवून झालं की आमच्यावर हात ठेवा. गाणं संपलं, हे आम्हाला त्या हातानंच कळतं.