एकोणीस नंबर गैरहजर

आमच्या मुख्याध्यापकांना सगळे पाठीमागे टक्केसाहेब म्हणत. माणूस टक्क्यांशिवाय बोलतच नसे. उपस्थितीचे टक्के, स्वच्छतेचे टक्के; एकदा तर किती मुलांनी डबा पूर्ण संपवला याचेही टक्के काढून त्यांनी दारातल्या फळ्यावर लिहून ठेवले होते. मूल वाचायला कसं शिकतं हे मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. नोकरीला लागले ते मोठ्या वर्गांवर, आणि तिथून उठले ते थेट खुर्चीत. मुलं वाचता येणारीच जन्माला येतात, ज्यांना येत नाही त्यांच्यातच काहीतरी खोट असते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

मी तिसरीची बाई. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिला घरी माऊ म्हणत म्हणून आम्हीही माऊच म्हणायचो. दुसरी संपेपर्यंत तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. घ आणि ध तिला सारखेच दिसत, भ चा म होई, आणि वेलांटी कुठल्या बाजूला द्यायची हे ती दर वेळी नव्यानं ठरवी. आधीच्या बाईंनी तिला शेवटच्या बाकावर बसवून प्रश्न मिटवला होता. त्यात तिचा भाऊ त्याच शाळेत चौथीला, घडाघडा वाचणारा. दादाला येतं मग तुला का येत नाही, हे ऐकून ऐकून पोरीचे कान किटले होते.

मी तिला पुढच्या बाकावर आणलं आणि पुस्तक मिटून टाकलं. आई काय करते, असं विचारलं. बऱ्याच वेळानं ती पुटपुटली, "इस्तरी." तिची आई एका लाँड्रीत कपड्यांना इस्तरी करायची. मी तो शब्द फळ्यावर लिहिला. तो तिनं इतक्या वेळा गिरवला की पाटी झिजते की काय असं वाटावं. मग 'वाफ' आला, 'कॉलर' आला, 'शर्ट' आला. एकदा टक्केसाहेब दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, की जोडाक्षरं या महिन्याच्या नियोजनात नाहीत. तिच्या आईच्या कामात आहेत, असं मी सांगितलं. त्यांच्या डोक्यात काही शिरलं नाही. मान हलवून ते शेजारच्या वर्गातली कचरापेटी तपासायला गेले.

सहामाही उलटली तोवर माऊ वाचायला लागली होती. अंधारात भिंत चाचपत जावं तशी, एकेका अक्षरावर बोट ठेवून, मध्येच थांबून, मागे येऊन. पण वाचत होती, आणि वाचलेलं तिला कळत होतं.

अशात वरून हुकूम आला, की ज्या शाळेतली तिसरीची सगळी मुलं वाचतील त्या शाळेला 'शंभर टक्के वाचन' अशी पाटी मिळेल. टक्केसाहेबांच्या अंगात वारं संचारलं. त्यांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं, चहा पाजला, आणि योजना सांगितली. ज्यांचं वाचन कच्चं आहे अशा मुलांना तपासणीच्या दिवशी 'विश्रांती' द्यायची. त्यांच्या जागी चौथीतली हुशार मुलं बसवायची. नाव कोणी विचारायचं नाही, मुलांनी हजेरीतला नंबर तेवढा सांगायचा. हे सगळं बोलताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता, की जणू त्यांनी एखादं औषध शोधून काढलं होतं.

मी सरळ सांगितलं, की माझी सगळी मुलं वर्गात बसतील, जी अडखळतील ती अडखळतील. ते हसले. मला म्हणाले, की बाई, तुम्ही भावनेच्या आहारी जाता. दुसरीच्या बाई चहाच्या कपात बघत राहिल्या. चौथीचे गुरुजी म्हणाले, साहेबांचं बरोबर आहे. त्यांच्या मते साहेबांचं नेहमीच बरोबर असे. तेवढ्या एका मतावर त्यांची नोकरी सुखात चालली होती. मी पालकांना फोन करणार नाही म्हटल्यावर टक्केसाहेबांनी ते काम स्वतःच उरकलं, आणि त्यांच्या मानानं फार चोख उरकलं.

तपासणीच्या दिवशी मी वर्गात गेले तर माझ्या बाकांवर चौथीतले चेहरे. माऊच्या जागेवर तिचा सख्खा दादा. त्याची नजर खाली होती. बाकाच्या कडेचं लाकूड तो नखानं सोलत होता. मी त्याला काही बोलले नाही. त्या पोराला काय बोलणार? बोलावं असा माणूस दारात नवा कोट घालून उभा होता.

तपासनीस आले. गोरेगोमटे, अत्तर लावलेले, हातात वाचनाच्या रंगीत कार्डांचा गठ्ठा. मुलाकडे न बघता मुलाची परीक्षा घेण्याची कला त्यांना साधली होती. कार्ड पुढे करायचं, घड्याळ दाबायचं, खूण करायची, पुढचा. मुलं गाडी सुटल्यासारखी वाचत होती. कार्डावर काय लिहिलंय हे वाचणाऱ्यालाही कळत नव्हतं आणि ऐकणाऱ्यालाही. टक्केसाहेब खिडकीशी उभे राहून प्रत्येक मुलागणिक मान डोलावत होते.

दादाची पाळी आली. नंबर विचारल्यावर तो हळूच म्हणाला, "एकोणीस." त्यानं कार्ड वाचलं, तपासनिसांनी खूण केली.

तेवढ्यात दार ढकलून माऊ आत आली. दोन वेण्या, पाठीवर दप्तर, धापा टाकत. झालं होतं असं, की टक्केसाहेबांचा फोन तिच्या आईला गेला होता, पण लाँड्रीत तापलेल्या इस्तऱ्यांमध्ये पोरीला ठेवू देणार कोण? घरी दुसरं कोणी नाही. आईनं विचार केला, शाळा चालू आहे तर मूल शाळेतच जाईल, आणि तिला फाटकाशी सोडून ती कामावर पळाली. त्या दिवशी शाळेत शहाणपणाचा विचार काय तो तिनंच केला होता.

माऊनं आपल्या बाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, दादा माझ्या जागेवर का बसलाय?"

टक्केसाहेब झटकन पुढे आले. हा तिचा भाऊ, तिला सोडायला आला होता, चुकून बसला असेल, असं काहीतरी ते म्हणू लागले. आत्ताच वाचून दाखवलेला मुलगा चुकून कसा बसला असेल, याचा विचार करायला त्यांना वेळ नव्हता. तपासनिसांनी माऊला नंबर विचारला. ती म्हणाली, एकोणीस. तपासनीस म्हणाले, एकोणीस तर झाला.

मी उठले. "साहेब, झालेला एकोणीस चौथीतला आहे. आणि तो एकटा नाही. माझी पाच मुलं आज घरी बसवली आहेत. खरा एकोणीस नंबर ही आहे."

तपासनिसांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता हा माणूस संतापेल, जाब विचारेल. त्यांनी रुमालानं कपाळ टिपलं आणि म्हणाले, "बाई, मला जेवणाआधी अजून एक शाळा उरकायची आहे."

हे वाक्य मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. त्यात राग नव्हता, लाज नव्हती, बेरकीपणासुद्धा नव्हता. नुसती भूक होती.

मी म्हटलं, आली आहे तर तिचं वाचन ऐका. नाही म्हणायला जास्त वेळ लागला असता, म्हणून त्यांनी कार्ड पुढे केलं. माऊनं दप्तर खाली ठेवलं आणि बोट टेकवलं. "बद...काच्या... पि..." तिथं ती अडली. टक्केसाहेबांनी मागून ठणठणीत आवाजात सांगून टाकलं, "पिल्लाने." माऊनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, बोट परत मागे नेलं आणि स्वतःच्या स्वतः म्हणाली, "पिल्...लाने. पिल्लाने. चिख...लात पाय ठेवला." मग ती थांबली. घड्याळ चालू होतं. ती कार्डाकडे बघत खुदकन हसली आणि मला म्हणाली, "बाई, आता त्याची आई ओरडणार."

अख्ख्या सकाळी त्या कार्डातलं बदक फक्त तिला दिसलं होतं.

तपासनिसांनी घड्याळ बंद केलं. इतक्या वेळात इतके शब्द, म्हणजे नापास, असं त्यांनी अतिशय सौम्यपणे सांगितलं. टक्केसाहेब त्यांच्या कानाशी लागले. दोघं जरा वेळ कुजबुजले. भावाची खूण तशीच ठेवायची म्हटली तर मी सगळ्यांसमोर बोलून बसले होते, आणि बहिणीची घालायची म्हटली तर टक्के जाणार. शेवटी तोडगा निघाला. एकोणीस नंबर गैरहजर. नियमानुसार गैरहजर मूल टक्क्यांत धरत नाहीत. माऊ त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि कार्डाचं पुढचं वाक्य वाचत होती.

संध्याकाळी आई दोघांना न्यायला आली. मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिनं ऐकून घेतलं. हाताला इस्तरीचे डाग होते, ते ती पदरानं उगाच पुसत होती. मग तिनं एवढंच विचारलं, की पोरीनं वाचलं का? मी हो म्हटलं, कुणाच्या मदतीशिवाय वाचलं. दादा बाजूला उभा होता, तो एकाएकी रडायला लागला. आईनं त्याला जवळ घेतलं, पण समजूत काढली नाही. माझ्याकडे बघत ती म्हणाली, "याला जे करायला लावलं ते वाईट, बाई. तिला पुढंमागं येईलच वाचता. याच्या डोक्यातनं हे कोण काढणार?" ते मलाही सुचलं नव्हतं.

पाटी आली, फाटकावर लागली. पाटीखाली फोटो काढला, त्यात मी उभी राहिले नाही. मी वरच्या कचेरीत तक्रार दिली. ती चौकशीसाठी त्याच तपासनिसांकडे गेली. त्यांनी चौकशी करून तक्रारीत तथ्य नसल्याचं कळवलं. टक्केसाहेबांना बढती मिळाली. आता ते इतर शाळांना वाचन कसं शिकवावं याचं प्रशिक्षण देत फिरतात, आणि लोक समोर बसून लिहून घेतात.

जायच्या आधी त्यांनी माझा हिशोब चुकता केला. मला तिसरीवरून काढून पहिलीला टाकलं. आदेश हातात देताना ते जरा थांबले. मी विनवण्या करीन अशी त्यांची अपेक्षा असावी. अक्षराची तोंडओळख नसलेल्या पोरांसमोर उभं राहणं ही त्यांच्या लेखी शिक्षा होती. इतकी वर्षं शाळा चालवून या माणसाला शाळेतलं सगळ्यात मोठं काम सगळ्यात हलकं वाटत होतं. मी आदेश घडी करून पर्समध्ये टाकला आणि त्यांना विचारलं, की पहिलीला मोठा फळा मिळेल का?

फळा मी स्टोअररूममधून शोधून आणला. पहिल्या दिवशी एक मूल दाराला धरून रडत होतं, एकानं खडू खाल्ला, आणि एका मुलीनं विचारलं, की तिचं नाव लिहायला किती अक्षरं लागतात. मी म्हटलं, ये, बघू या.