काळ्या मिठाचा डबा

मी एक जुना, लाकडी मिठाचा डबा आहे. पण मित्रांनो, काचेच्या कपाटात मला पाहून बहुतेकजण फसतात, कारण माझा आकार चिमुकल्या सिंहासनाचा आहे. पाठीवर दोन कोरलेले पक्षी, बाजूला हात टेकायच्या दांड्या, आणि बसायची जागा उचलली की खाली मीठ. खऱ्या सिंहासनावर बसणारी माणसे मी फार जवळून पाहिली. तेव्हापासून माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही.

रशियाच्या उत्तरेला, नदीकाठच्या एका गावात एर्मोलाय नावाच्या सुताराने मला घडवले. तिकडे घरोघरी मिठाचे डबे असेच असतात. त्याची बहीण फेक्ला राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला निघाली, तेव्हा त्याने मला तिच्या गाठोड्यात ठेवले. फेक्ला मला रोज कोरड्या फडक्याने पुसायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

एका हिवाळ्यात परमुलखातली पंधरा वर्षांची राजकन्या युवराजांची वधू म्हणून आली. पाव आणि मीठ पुढे करून तिचे स्वागत झाले. ते मीठ माझ्यातलेच होते. धर्म बदलून तिचे नाव पेलागेया ठेवले. त्या वाड्यात तिच्यावर कोणाचाच भरवसा नव्हता. तिची पत्रे आधी दुसरेच वाचत आणि तिच्या दासी तिच्या उशा चाचपून पाहत. बिचारी भाषा शिकायला फेक्लाजवळ येऊन बसायची. पाव थेट माझ्यात बुडवायची तिला खोड होती.

"बुडवू नकोस गं, पोरी," फेक्ला म्हणायची. "येशूला दग्यानं धरून देणाऱ्या चेल्यानं असाच घास बुडवला होता. चिमटीनं घे."

दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फेक्ला मीठ भाजायची. पाव आंबवून केलेल्या पेयाच्या गाळात मीठ कालवून ती ते भट्टीत ठेवायची आणि ते कोळशासारखे काळे होऊन निघायचे. मग ते कुटून, चर्चमध्ये मंतरून आणून माझ्यात भरायची. सणाच्या दिवशी उकडलेले अंडे त्या मिठाबरोबर खातात. पहाऱ्यावरच्या शिपायांच्या आयाही गावाकडे हेच करत. युवराज मात्र परदेशात वाढलेले, त्यांच्यापुढे पांढरे मीठच जायचे.

पुढे युवराज सम्राट झाले. पेलागेया त्यांच्या डोळ्यांत सलत होती. ईस्टरचे जेवण आटोपले की तिला दूरच्या जोगिणींच्या मठात धाडायचे ठरले आणि गाडीही जोडून ठेवली. मठात गेलेली राणी परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते.

त्या सकाळी ती मुदपाकखान्यात आली आणि फेक्लाला म्हणाली, "आजी, आज महाराजांपुढे हा डबा ठेव."

फेक्लाने तिच्याकडे निरखून पाहिले. "त्यांना हे मीठ ठाऊक नाही, बाईसाहेब. भलतंच काहीतरी समजतील."

"समजू देत."

मित्रांनो, हे बोलणे तिसऱ्या कोणीही ऐकले नाही. ऐकले ते फक्त मी.

सम्राटांनी माझे झाकण उचलले आणि आतले काळे मीठ पाहून ते ताडकन उठले. विषप्रयोग झाला असे समजून त्यांनी मला फरशीवर भिरकावले आणि सांडलेले मीठ बुटाखाली रगडले. भिंतीशी उभ्या शिपायांचे चेहरे कसे काळवंडले ते मी खालून पाहिले. पेलागेया शांतपणे गुडघ्यांवर बसली. तिने फरशीवरचे मीठ चिमटीत घेतले, अंड्याला लावले आणि खाल्ले.

"हे विष असेल, तर तुमची सगळी फौज दर वर्षी ते खाऊन जगतेय," ती म्हणाली.

"घेऊन जा!" सम्राट ओरडले.

हवालदार प्रोखोर पुढे आला. त्याची नजर बुटाखालच्या मिठावर होती. "कोणाला, महाराज?" त्याने विचारले.

संध्याकाळपर्यंत सम्राट कैदेत होते आणि पेलागेया सम्राज्ञी झाली होती. शिपाई खाल्ल्या मिठाला जागले म्हणून लोकांनी माझेही कौतुक केले. मला चांदीच्या तबकात मिरवले. मी मात्र मनातून कोड्यात होतो. तिने स्वतःचा जीव वाचवला की सगळा डाव आधीच मांडला होता? मला अजून ठरवता आलेले नाही.

महिन्याभराने ती पुन्हा मुदपाकखान्यात आली. "आजी, त्या सकाळचं कोणाला बोललीस का?"

"मिठाचं काय बोलायचं, पोरी?" फेक्ला हसून म्हणाली.

ते हसणे सम्राज्ञीला खटकले असावे. दुसऱ्याच दिवशी फेक्लासाठी त्याच मठाची गाडी जोडली गेली. प्रवासाआधी घटकाभर गप्प बसायची तिकडे रीत आहे. दोघी समोरासमोर बसल्या, पण सम्राज्ञीने मान वर केली नाही. फेक्लाने उरलेले काळे मीठ माझ्यात भरले आणि मला शेवटचे पुसले. ती गेली आणि माझ्या झाकणाला कुलूप लागले. माझा जीव अगदी तुटला.

मग वर्षानुवर्षे सम्राज्ञीचे ताट विषाच्या भीतीने आधी तीन माणसे चाखत. म्हातारपणी एका ईस्टरला तिने मला मागवले आणि स्वतः किल्ली फिरवली. आत फेक्लाचे मीठ दगडासारखे घट्ट झाले होते. तिने नखाने कण खरवडला आणि ओठांपर्यंत नेला. मग तो कण तिने शेजारच्या चाखणाऱ्या माणसापुढे धरला.

"आधी तू खा," ती म्हणाली.

मित्रांनो, कपाट उघडणारे कोणी भेटले तर त्यांना सांगा, अधूनमधून माझे झाकण उघडत जा आणि कोरड्या फडक्याने मला पुसत जा. फेक्ला पुसायची, तसे.